मागच्या सीटला विचारायचं राहिलं

भाऊ,

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तेराव्याला आलेली माणसं आपापल्या गावी परतली. धारची मामी जाता जाता तुमचे कपडे घडी करून लोखंडी कपाटात ठेवून गेली, खाकी पँटसुद्धा, जणू सोमवारी पुन्हा लागणार आहे. मी परत कामावर रुजू झाले. कामात राहिलं की बरं वाटतं असं सगळे म्हणाले होते आणि खरं सांगायचं तर वाटतं. विमानात डोक्याला दुसरा उद्योग असतो.

पण काल विमानात एक गोष्ट झाली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. ही सवय बाप म्हणून तुम्हीच लावलीत. विमान थांबलं, इंजिनं बंद झाली, की पहिला मेसेज देवासला. काल उतरल्यावर बोटं आपोआप तुमच्या नावावर गेली. तुमचा फोन आता आई वापरते. तिला मेसेज वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा कधी जागेवर नसतो. म्हणून हे कागदावर लिहिते आहे. तुम्ही म्हणायचात, आमची छोरी हिंदी शाळेत शिकली, इंग्रजीत विमान उडवते आणि मराठी लिहायला बसली की मात्रा रस्त्यात सांडते. सांडू देत. तुम्ही कुठे तपासायला बसला आहात.

अठ्ठावीस वर्षं तुम्ही देवासहून पीथमपूरच्या कारखान्यांची शिफ्टची बस चालवलीत. आजोबा म्हणायचे, आपले लोक धारच्या पागेत घोडी सांभाळायला आले होते, हा बसवर गेला, म्हणजे धंदा तोच. सकाळच्या शिफ्टचे लोक बसमध्ये चढले की इंदूरचा बायपास यायच्या आत झोपलेले असायचे. रस्ता कसा आहे हे तुम्ही स्टिअरिंगवरून ठरवत नव्हतात. डोक्यावरच्या लांब आरशात बघायचात. खड्ड्यातून गाडी गेली की झोपलेल्यांपैकी किती मुंड्या वर आल्या, हे तुमचं माप. एक-दोन आल्या तर रस्ता ठीक. पाच-सहा आल्या तर खराब. सगळी बस जागी झाली तर उद्यापासून दुसरा रस्ता धरायचा. पीथमपूरला कारखान्याच्या गेटबाहेर चहाची टपरी होती. तिथे तुम्ही शिफ्टचे सगळे ड्रायव्हर जमायचात आणि एकमेकांना एवढंच सांगायचात, 'राऊ के आगे आज चार मुंडी.' दुपारच्या शिफ्टचा ड्रायव्हर तेवढ्यावर समजून घ्यायचा आणि राऊ गावाच्या पुढे गाडी हळू करायचा.

आणि तुमचं आरशानेही समाधान होत नसे. सगळे उतरून गेले की शेवटच्या सीटवरच्या रामेश्वर भियाला तुम्ही विचारायचात, आज मागे कसं होतं. रामेश्वर भिया मूळचा बागलीचा, देवासात खोली घेऊन राहिलेला, कारखान्यात रंगकामाला. माणूस ताडमाड. पाय पसरता यावेत म्हणून तो नेहमी शेवटच्या सीटच्या मधोमध बसायचा, आणि मागच्या चाकांच्याही मागे असलेली ती सीट सगळ्यात जास्त उसळायची. तो म्हणेल ते तुमच्यासाठी शेवटचं.

आठवीच्या सुट्टीत मी एकदा तुमच्याबरोबर आले होते. जाताना तुमच्या मागच्याच सीटवर बसले आणि पीथमपूरला उतरल्यावर मोठ्या रुबाबात म्हणाले की रस्ता छान आहे, उगीच सगळे नावं ठेवतात. परत येताना मला रामेश्वर भियाच्या शेजारी मागे बसवलंत. राऊ यायच्या आत माझी जीभ दातांखाली आली. देवासला बस लावल्यावर तुम्ही मला पाण्याची बाटली दिलीत आणि म्हणालात, "स्टिअरिंग धरलेल्या माणसाला खड्डा आधी दिसतो. अंग आपोआप सावरतं, म्हणून त्याला तो कमी लागतो. रस्ता नेहमी मागच्याला विचारायचा."

हे मी पुढे कितीतरी लोकांना गंमत म्हणून सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं, हीच माझी चूक.

मी पायलट कशी झाले ते लिहीत नाही. ते तुम्ही देवासातल्या झाडून सगळ्या लोकांना सांगितलेलं आहे, औषधाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्यांनासुद्धा. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्हाला भीती एकाच गोष्टीची होती, विमान हवेत हलतं त्याची. म्हणून मी एका रविवारी चहाचा कप पुढ्यात ठेवून तुम्हाला सगळं समजावलं. आम्ही ह्याला टर्ब्युलन्स म्हणतो आणि ते किती आहे हे सांगायची पद्धत ठरलेली आहे. हलकं म्हणजे पट्टा अंगाला जरासा ओढल्यासारखा वाटतो, कपातला चहा हिंदकळतो पण बाहेर येत नाही, माणूस जरा सांभाळून चालू शकतो. मध्यम म्हणजे पट्टा चांगला रुततो, चहा सांडतो, सुट्या वस्तू सरकतात, चालणं कठीण होतं, पण विमान हातात असतं. तीव्र म्हणजे काही क्षण विमान हातात राहत नाही, माणूस पट्ट्यावर आपटतो आणि बांधलेलं नसेल ते उडतं. मग पायलट रेडिओवर सांगतो. कुठे, किती वाजता, किती उंचीवर, कोणतं विमान आणि किती. कंट्रोलर ते मागून येणाऱ्या विमानाला कळवतो, आणि ते विमान उंची बदलतं किंवा लोकांना वेळेत पट्टे बांधायला लावतं.

'कोणतं विमान' कशाला, असं तुम्ही विचारलंत. मी सांगितलं की तीच हवा लहान विमानाला मध्यम वाटते आणि मोठ्याला हलकी, म्हणून ऐकणाऱ्याला सांगणारा कोण ते माहीत हवं. तुम्ही खूश झालात. भरलेली बस खड्डा गिळते आणि रिकामी उसळते, तेव्हा हे बरोबर आहे, असं म्हणून तुम्ही माझ्या सगळ्या विमानशास्त्राला मंजुरी दिलीत. मग कप खाली ठेवलात.

"आणि किती ते ठरवतं कोण?"

"पायलट."

"म्हणजे स्टिअरिंगवालाच."

तिथून जो वाद सुरू झाला तो सहा वर्षं चालला. मी म्हणायची की आम्ही मनाने ठरवत नाही, चहा काय करतो, वस्तू काय करतात, माणसाला चालता येतं का, ह्यावरून ठरवतो. तुम्ही म्हणायचात, पण चहा वाटणारी मुलगी तर मागे आहे. मी म्हणायची की फार झालं तर ती फोन करून सांगते. तुम्ही म्हणायचात, ती सांगते की तुम्ही विचारता. विमानाच्या शेपटाकडच्या माणसांना जास्त हलतं, पुढे आम्हाला कमी कळतं, हे आम्हालाही शिकवलेलं असतं. चांगले कॅप्टन मागे फोन करून विचारतात. पण दिवसाची चौथी फ्लाइट असली, रोजचीच दुपारची हवा असली, की कोण विचारत बसतं. शिवाय आमच्यात एक खोड आहे. जास्त सांगितलं तर समोरच्याला वाटेल की हा घाबरला. म्हणून जरा कमीच सांगायचं. ही खोड ड्रायव्हरांतही असते असं तुम्हीच एकदा कबूल केलं होतंत.

मी चालवत असलेल्या विमानात तुम्ही एकदाच बसलात. इंदूरहून पुण्याला, एप्रिलच्या दुपारी, माळव्याची काळी जमीन तापून हवा खालून वर येत असते त्या वेळी. मी ओळखीने तुम्हाला पुढच्या जागा मिळवून दिल्या होत्या. तुम्ही काउंटरवर गोड बोलून त्या बदलून शेवटची रांग घेतलीत. आईने इंदूरला भीतीने डोळे मिटले ते पुण्यात उघडले. सामान घेताना मी विचारलं, किती छान झाली ना फ्लाइट. तुम्ही म्हणालात, नऊ मुंडी. चहावाली मुलगी दोनदा खाली बसली. मी रेडिओवर काय सांगितलं, हे तुम्हाला हवं होतं. काहीच नाही, असं मी सांगितलं. हलकं होतं, उन्हाळ्यात रोज असतं, त्याचा काय रिपोर्ट द्यायचा. रोजचं आहे म्हणून सांगायचंच नाही का, असं तुम्ही म्हणालात, आणि आपण रिक्षात बसल्यावरही भांडत राहिलो. रिक्षावाला मान वळवून ऐकायला लागला. शेवटी मी वैतागून म्हणाले, "भाऊ, बस आणि विमान एक नसतं."

तुम्ही बाहेरच्या पाट्या मोठ्याने वाचायला लागलात, तुम्हाला वाईट वाटलं की तुम्ही करायचात तसं. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी मागू म्हटलं, आणि मग ते तसंच राहून गेलं. हे एक राहिलेलं.

दुसरं त्याहून जड आहे. पुण्यानंतरच्या वर्षी, मेच्या शेवटी, उतरताना एका मोठ्या ढगाच्या कडेला आम्ही सापडलो. काही सेकंदच. पण ते तीव्र होतं भाऊ, पुस्तकात लिहिलेलं तसं. विमान हातात नव्हतं. खांद्यावरचा पट्टा हाडापर्यंत गेला असं वाटलं. मागे चहाची ट्रॉली जमिनीवरून उचलली गेली आणि एका मुलीच्या मनगटावर गरम पाणी पडलं. आम्ही रेडिओवर लगेच सगळं सांगितलं, एक अक्षर कमी केलं नाही. मागच्या विमानाने वाट बदलली. उतरल्यावर इंजिनिअर येऊन विमान तपासून गेले. आणि मग मी क्रू रूममध्ये खुर्चीवर बसले आणि तुम्हाला एका शब्दाचा मेसेज केला, 'हलकं'. अनोळखी विमानाला मी खरं सांगितलं आणि घरी खोटं. तुमचं उत्तर आलं, 'मुंडी?' मी लिहिलं, 'दोन.'

आपल्या घरात हे शब्द तोवर इतके रुळले होते की आईसुद्धा वापरायची. माझ्या फ्लाइटचा मेसेज एका शब्दाचा असायचा, सपाट, हलकं किंवा मध्यम. गेल्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात आणि तुम्हीही तसेच रिपोर्ट पाठवायला लागलात. गुडघा, हलकं. आईशी दूधवाल्यावरून वाजलं, मध्यम. मग हिवाळ्यात फोनवर तुमचा श्वास मला तोकडा वाटला. मी विचारलं तर म्हणालात, "हलकं आहे गं. देवीची टेकडी चढताना कोणाला धाप लागत नाही? फालतूचं टेन्शन नको घेऊ." मी नाही घेतलं. त्यानंतर मी रोज विचारायची आणि रोज तेच उत्तर यायचं. मला अगदी निश्चिंत वाटायचं. रोज रिपोर्ट येतो आहे आणि रोज हलकं आहे, मग काळजी कसली.

आणि मग एक दिवस सकाळी दूध आणायला निघताना चपला घालायला तुम्ही खाटेवर बसलात आणि तिथेच कलंडलात. डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच महिन्यांपासून थकलं होतं, घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही.

दहाव्याच्या दुपारी आई तांदूळ निवडत होती. मी तिला विचारलं, तुझ्या काही लक्षात आलं होतं का. मान वर न करता ती एकेक सांगत गेली. दिवाळीपासून तुम्ही टेकडीच्या अर्ध्या पायऱ्यांवर बसून परत यायचात आणि खालच्या दुकानातून प्रसाद आणून देवीचं दर्शन छान झालं म्हणून सांगायचात. रात्री एका उशीच्या दोन झाल्या, मग तीन. गॅसची टाकी शेजारच्या मनोजकडून उचलून घ्यायला लागलात. चपला उभ्याने घालायचात त्या बसून घालायला लागलात. आंघोळीहून आलात की बोलायच्या आधी पाच मिनिटं खुर्चीत बसायचात. आई सांगत होती आणि मी मनात पुस्तकातली ओळ म्हणत होते. चालणं कठीण होतं. चालणं कठीण होतं. हे हलकं नव्हतं भाऊ. ज्याला चहाचा कप ठेवून समजावलं होतं त्या माणसाला हे माहीत असायला हवं होतं.

मी आईवर ओरडले. दहाव्याला, घरात माणसं असताना. तिने मला हे का सांगितलं नाही, असं विचारलं. आईने ताट बाजूला ठेवलं.

"तू मला विचारलंस कधी? फोन उचलला की तुझं एकच. आई, भाऊंना दे."

खरं आहे. मी रोज विचारत होते, पण स्टिअरिंगवाल्यालाच. आठवीत जीभ चावून शिकलेली गोष्ट मला तुमच्याच बाबतीत आठवली नाही. तुमच्या शेजारी अडतीस वर्षं बसलेली बाई फोनच्या पलीकडे हातभर अंतरावर उभी असायची, तिच्याकडून मी फक्त फोन पुढे करून घेत होते.

तेराव्याला रामेश्वर भिया आला. पानावरून उठल्यावर तो मला ओसरीत घेऊन बसला. तुम्ही निवृत्त झाल्यावरही तो सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडे चहाला यायचा, हे मला ठाऊकच नव्हतं. त्याने मला एक गोष्ट सांगितली. मेमधल्या त्या तीव्र हवेनंतरच्या आठवड्यात मी घरी आले होते. आईने डोक्याला तेल लावायला बसवलं तेव्हा माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ तिने पाहिला. निळा जाऊन पिवळा पडत आला होता. तिने मला काही विचारलं नाही, तुम्हाला सांगितलं. तुम्ही मला काही विचारलं नाहीत, रामेश्वर भियाला सांगितलंत. त्याने तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले, तुमच्यासारखा आवाज खाली आणून.

"छोरी ने हलका लिखा था, भिया। उसकी माँ ने पीछे से निशान देखा। मैंने उससे कुछ नहीं कहा। घर पे तो अपन भी कहाँ पूरा बताते हैं।"

म्हणजे तुम्ही माझ्याबद्दल मागच्या सीटला विचारलं होतंत. तुमच्या नियमात तुम्ही चुकला नव्हतात. तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं की माझं 'हलकं' म्हणजे काय असतं, आणि तरी रोज तुम्ही 'मुंडी?' असं विचारत राहिलात, कधीतरी मी खरं सांगेन म्हणून. मी सांगितलं नाही. मग तुमची वेळ आली तेव्हा तुम्हीही माझाच शब्द मला परत पाठवलात. घरच्यांना त्रास नको म्हणून जो शब्द वापरायचा असतो तो मीच तुम्हाला शिकवला होता. त्या दिवशी ओसरीत मला तुमचा राग आला, खूप आला. आणि माझाही. रामेश्वर भियाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला की तुमच्या बसमध्ये त्याला अठरा वर्षांत कधी पाठदुखी झाली नाही. मी रडले ती तेव्हा.

आता कालचं सांगते. मोठे कॅप्टन चालवत होते, रेडिओ माझ्याकडे होता. दुपारची वेळ, नागपूरहून इंदूरकडे. सातपुडा ओलांडताना हवा हलायला लागली. आठ-दहा मिनिटं चाललं. माझ्या कपातली कॉफी हिंदकळत होती, सांडली नाही. मला विचाराल तर हलकं. मागून एक विमान येत होतं, त्याच्यासाठी कंट्रोलरने विचारलं की तुमच्याकडे हवा कशी आहे. कॅप्टन म्हणाले, लाइट बोल दो. माझं बोट बटणावर होतं आणि तोंडात तोच शब्द तयार होता, रोजचा.

मी कंट्रोलरला थांबायला सांगितलं आणि मागे फोन लावला. शेपटाकडे जी मुलगी होती ती नवीन आहे, चार महिन्यांपूर्वी लागलेली. म्हणाली, "मॅडम, मैं तो बैठ गई हूँ, ट्रॉली पकड़ के। एक अंकल की शर्ट पर पूरी चाय गिर गई।" तिने फोन का केला नाही ते मी विचारलं. तिला वाटलं होतं की पुढे आम्हाला माहीत असेलच.

मी कॅप्टनना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना राग आला असेल असं मला वाटलं, पण ते जरा विचार करून म्हणाले, तो फिर मॉडरेट दो. मी दिलं. कुठे, किती वाजता, किती उंचीवर, कोणतं विमान, मध्यम. मागच्या विमानाने लगेच दुसरी उंची मागून घेतली. त्यात कोण बसलं होतं मला माहीत नाही. दुपारचं जेवून झोपले असतील. त्यांच्यातली एक मुंडी वर आली नसेल, आणि का नाही आली ते त्यांना कधी कळणार नाही. तुमच्या बसमधल्या लोकांना तरी कुठे कळलं होतं. पुण्याच्या रिक्षात जे म्हणायचं राहिलं ते आज म्हणते. भाऊ, तुमचं बरोबर होतं. बस आणि विमान एकच असतं.

उतरल्यावर तुमच्या नंबरवर फोन लावला. आईने उचलला आणि 'भाऊंना दे' हे माझ्या ओठांपर्यंत आलं. ते गिळलं. पोहोचलीस का, ठीक झालं का, असं तिने विचारलं.

मी म्हणाले, "मध्यम होतं आई. एका माणसाच्या अंगावर चहा सांडला. मागची मुलगी खाली बसली." मग मी तिला खांद्यावरच्या त्या वळाचंही सांगितलं, तो दिवस कसा होता, विमान हातात नव्हतं, आणि मी घरी काय लिहिलं. माहीत आहे, एवढंच ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. सांगून टाकल्यावर मला फार हलकं वाटलं, ह्या वेळी खरोखरचं.

मग मी विचारलं की तुझं कसं आहे. ठीक आहे, असं ती म्हणाली. सगळं ठीक आहे, जेवते आहे, मनोजची बायको येऊन बसते, तू काळजी करू नको.

"आई," मी म्हणाले, "किती मुंडी?"

तिने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"घरात एकच तर आहे गं आता," ती म्हणाली. "आणि ती झोपतच नाही."

मी चार दिवसांची सुट्टी टाकली आहे, भाऊ. हे लिहून झालं की निघते, संध्याकाळपर्यंत देवासला पोहोचेन. तुमची खाट मोकळी आहे, पण मी तिच्यावर झोपणार नाही. आईच्या शेजारी अंथरूण घालेन, म्हणजे ती किती वेळा उठते ते मला विचारावं लागणार नाही.